पाईपवर बोल्टने आवळलेला क्लॅम्प नेमका किती वजन धरेल?

उभापाईप

नमस्कार मंडळी, एक प्रश्न आहे आणि त्याचं नीट उत्तर हवंय, कारण हे खाली पडलं तर कोणाच्या तरी डोक्यात पडेल.

उभा ४ इंची पाईप आहे, नुसता खांब म्हणून, आत काही वाहत नाही. त्यावर एक कंट्रोल पॅनेल लावायचंय, ब्रॅकेट धरून ६० किलो. पॅनेलचा गुरुत्वमध्य पाईपच्या मध्यापासून साधारण ३०० मिमी पुढे येतो. ब्रॅकेट दोन क्लॅम्पवर बसणार, दोघांत अंतर ५०० मिमी. क्लॅम्प दोन अर्धुकांचे, ५० बाय ६ च्या पट्टीचे, कान बाहेर वळवलेले, प्रत्येक क्लॅम्पला दोन बोल्ट, एम१०, ८.८ ग्रेड. बोल्टचा मध्य पाईपपासून २० मिमी बाहेर. जागा उघड्यावर आहे, वारा लागतो.

फॅब्रिकेटर म्हणतो एका बोल्टची शिअर ताकद (आडवं कापलं जाण्याविरुद्धची) २८ किलोन्यूटन, म्हणजे दोन बोल्टचा क्लॅम्प साडेपाच टन धरणार, ६० किलोची काय चिंता करता. आकडा बरोबर असेल पण तो इथे लागू होतो का तेच कळत नाहीये. क्लॅम्प घसरायला बोल्ट तुटावाच लागतो असं थोडीच आहे? अशा क्लॅम्पची कपॅसिटी तुम्ही लोक कशी काढता?

ठोकताळा

बोल्टची शिअर ताकद इथे कामाची नाही. बोल्ट पाईपमधून आरपार गेला असता तर तो हिशोब चालला असता. तुमचा बोल्ट पाईपला शिवतही नाही, तो फक्त दोन अर्धुकं जवळ ओढतो. पाईपवर क्लॅम्प टिकतो तो घर्षणावर. बोल्ट शाबूत, नट शाबूत आणि पॅनेल जमिनीवर, असं अगदी सहज होऊ शकतं.

लोखंडी

एवढ्याला धागा? ६० किलो म्हणजे एक माणूस. क्लॅम्प आवळा, त्यावर एक माणूस उभा करा, दोन उड्या मारायला सांगा, हललं नाही तर विषय संपला. बरीच वर्षं साईटवर हेच करतोय.

त्रिज्या

ठोकताळा +१.

उभापाईप, घर्षणाचा हिशोब अवघड नाहीये, फक्त ओढ किती धरायची तिथे लोक गडबडतात.

एका बोल्टमधली ओढ एफ समजा. दोन्ही बाजूंना एकेक बोल्ट आहे, म्हणजे एक अर्धुक पाईपवर २एफ ने दाबलं जातं, समोरचंही तेवढ्यानेच. क्लॅम्प पाईपला जरा सैल असेल आणि प्रत्येक अर्धुक एकाच रेषेवर टेकत असेल तर एकूण दाब ४एफ, म्हणून पाईपच्या लांबीच्या दिशेने पकड झाली ४ गुणिले म्यू (घर्षण गुणांक) गुणिले एफ. उलट क्लॅम्प अगदी पट्ट्यासारखा लवचिक असेल आणि सगळ्या परिघावर सारखा दाबला जात असेल तर तेच ४ चं ६.२८ होतं, म्हणजे २π. दाब मधे जास्त आणि कडेला कमी असा धरला तर मधलाच आकडा येतो, ५.१ च्या आसपास. आपल्याला क्लॅम्प कसा बसलाय ते दिसत नाही म्हणून मी नेहमी ४ धरते.

म्यू किती? कोरडं स्वच्छ लोखंड लोखंडावर असेल तर मी ०.१५ च्या वर जात नाही. रंग असेल किंवा तेलकट असेल तर ०.१. पुस्तकांत मोठे आकडेही सापडतात पण ते प्रयोगशाळेतल्या साफ केलेल्या पृष्ठभागांचे असतात, उघड्यावरच्या पाईपवर ते धरणं धोक्याचं.

बोल्टमधली ओढ टॉर्कवरून काढायची. टॉर्क (आवळण्याचा पीळ) बरोबर के गुणिले व्यास गुणिले ओढ, के म्हणजे आट्यांच्या घर्षणावर ठरणारा गुणांक. कोरड्या बोल्टला के ०.२, तेल लावलेला असेल तर ०.१५ च्या जवळ. एम१० चं ताण घेणारं क्षेत्रफळ ५८ चौमिमी, ८.८ ग्रेडचा प्रूफ ताण (बोल्ट कायमचा लांब न होता सोसतो तो) ५८० मेगापास्कल, म्हणजे प्रूफ लोड ३३.६ किलोन्यूटन. त्याच्या ७५ टक्के म्हणजे २५ किलोन्यूटन ओढ घ्यायची तर टॉर्क ५० न्यूटन मीटर लागेल. आणि हे लक्षात ठेवा की टॉर्क पाना वापरूनसुद्धा प्रत्यक्ष ओढ २५-३० टक्के इकडेतिकडे होते, कारण टॉर्कचा बराचसा भाग आट्यांच्या आणि नटाखालच्या घर्षणातच जातो.

या हिशोबाने एक क्लॅम्प ४ गुणिले ०.१५ गुणिले २५, म्हणजे १५ किलोन्यूटनची पकड. दीड टन. साडेपाच नाही.

उभापाईप

वा, हे हवं होतं. दीड टन पण भरपूर झालं की मग?

वेल्डरकाका

थांबा जरा. त्रिज्याताईंचं गणित बरोबर आहे पण २५ किलोन्यूटन त्या पट्टीला सोसणार आहेत का ते आधी बघा.

६ मिमीची पट्टी, बोल्ट पाईपपासून २० मिमी बाहेर. नट आवळत गेलात की आधी पट्टी पाईपला चिकटते, मग पाना जड होतो आणि वाटतं मस्त बसला. अजून थोडा ओढला की पाना परत हलका फिरतो. तो हलका फिरला ना, तेव्हा कान वाकत असतो. बाजूने बघा, दोन कानांमधली फट पाईपजवळ तेवढीच राहते आणि बाहेरच्या टोकाला मिटते, दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात. टेकल्यावर पाना एकदम कडक. माणूस खूश होतो की आता घट्ट झाला. पण आता तो बोल्ट कानावर कान दाबतोय, पाईपला त्यातलं फारसं काही पोचत नाही. असे क्लॅम्प मी उघडलेत, आतल्या बाजूला पट्टीवर पाईप टेकल्याचा चकाकी आलेला पट्टा असतो तो बोटभर रुंदीचासुद्धा नसतो, बाकी आतला रंग जसाच्या तसा.

म्हणून माझा नियम, आवळून झाल्यावर दोन कानांच्या मधे फट दिसलीच पाहिजे आणि ती समांतर पाहिजे. फट मिटली तर क्लॅम्प नाकारायचा. मग टॉर्क कितीही लागलेला असू दे.

त्रिज्या

काका, हे मी लिहायलाच हवं होतं, आकड्यांत बघू या कारण आकडा धक्कादायक आहे.

कान म्हणजे एक छोटा कॅन्टिलिव्हर, एकाच टोकाला धरलेली पट्टी. ५० बाय ६ चा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला विरोध किती ते माप) ५० गुणिले ३६ भागिले ६, म्हणजे ३०० घनमिमी. साधं माइल्ड स्टील २५० मेगापास्कलला यील्ड होतं, म्हणजे कायमचं वाकायला लागतं. म्हणजे कानाला झेपणारं मोमेंट (जोर गुणिले अंतर) ७५,००० न्यूटन मिमी. भागिले २० मिमी, आली ३.७५ किलोन्यूटन. फक्त. २५ किलोन्यूटन ओढायला गेलात तर कागदावर ताण १६०० च्या वर जातो, म्हणजे पट्टी त्याच्या कितीतरी आधी वाकलेली असते. पूर्ण प्लॅस्टिक होईपर्यंत दीडपट धरा हवं तर, तरी साडेपाच किलोन्यूटनच्या पुढे ओढ जात नाही, कान फक्त वाकत राहतो.

३.७५ किलोन्यूटनला टॉर्क किती होतो माहितीये? साडेसात न्यूटन मीटर. हातातला साधा पाना दीडशे मिमी लांबीचा धरला आणि टोकाला १५०-२०० न्यूटन जोर लावला तर २०-३० न्यूटन मीटर सहज लागतात. म्हणजे कोणीही नेहमीच्या हाताने आवळला तरी हा कान वाकणारच.

मग एका क्लॅम्पची पकड ४ गुणिले ०.१५ गुणिले ३.७५, म्हणजे २.२५ किलोन्यूटन. साडेपाच टनांपासून सव्वादोनशे किलोवर आलो, आणि यात अजून फॅक्टर ऑफ सेफ्टी धरलेला नाही.

ठोकताळा

हेच तर. बोल्टचा ग्रेड बघून क्लॅम्पची कपॅसिटी सांगणारे खूप भेटतात, कानाची जाडी कोणी विचारत नाही.

गणिती

एक शंका. कान पूर्ण कॅन्टिलिव्हर धरणं जरा जास्तच सावध नाही का? पट्टीची वळलेली जागा पाईपवर टेकते, तिथे थोडं मोमेंट पाईप घेतो, शिवाय वळवताना तिथलं लोखंड कडक झालेलं असतं. २० मिमी सुद्धा बोल्टच्या मध्यापासून मोजलंय, प्रत्यक्षात वॉशरच्या कडेपासून मोजलं तर हात १० मिमीच राहतो.

त्रिज्या

गणिती, बरोबर आहे, म्हणूनच प्रत्यक्षात थोडं जास्त मिळेल. पण मी वॉशरच्या कडेपासून मोजायला धजणार नाही, कारण कान वाकायला लागला की वॉशरचा टेका कडेवर जातो आणि बोल्टलाच वाकवायला लागतो. अंदाज काढायचाय तर ज्या बाजूने आपण चुकलो तरी कोणाला इजा होणार नाही त्या बाजूने चुकावं.

लोखंडी

सव्वादोनशे किलो म्हणजे तरी एका क्लॅम्पवर तीन माणसं. माझी उडीची चाचणी पास होते की!

सरळरेघ

एक गोष्ट कोणी विचारली नाही. ४ इंची पाईप म्हणजे बाहेरून किती? नॉमिनल ४ इंच पाईपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी असतो, १०१.६ नाही. तसंच २ इंची ६०.३, ३ इंची ८८.९, ६ इंची १६८.३. ट्यूब असेल तर मात्र ती बाहेरच्या व्यासानेच ओळखली जाते. दुकानातून ४ इंची म्हणून आणलेला क्लॅम्प कोणत्या ४ इंचाचा आहे ते कॅलिपरने मोजल्याशिवाय कळत नाही. लहान असेल तर बसतच नाही म्हणून लगेच कळतं, मोठा असेल तर मात्र बसतो, कान मिटतात आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. काकांनी सांगितलेली मिटलेली फट बऱ्याचदा यातूनच येते.

आणि खांबावर जाड रंगाचे थर असतील तर तेही मोजा. रंग दबतो, कालांतराने पातळ होतो, ओढ कमी होते.

उभापाईप

मोजला, ११४ आणि थोडं. रंग आहे, जुना आहे, सोलायचा का?

सरळरेघ

क्लॅम्पच्या जागी सोला, लोखंड साफ करा, पातळ प्रायमरचा एकच हात द्या आणि आवळून झाल्यावर बाहेरून कडा रंगवून बंद करा. आत ग्रीस अजिबात नको, गंज लागू नये म्हणून चांगल्या मनाने ग्रीस लावणारे लोक असतात आणि तेच घर्षण घालवतात.

निवांत

मचाण बांधणाऱ्यांकडून शिकण्यासारखं आहे. मचाणाचे कपलर म्हणजे शेवटी पाईपवर बोल्टने आवळलेले क्लॅम्पच. युरोपियन मानक ईएन ७४-१ मध्ये ४८.३ मिमीच्या नळीवरच्या काटकोनी कपलरचा घसरण्याचा जोर दिलाय, क्लास ए ला १० किलोन्यूटन, क्लास बी ला १५, टॉर्क ५० न्यूटन मीटर. १.६५ ने भागलं की क्लास ए चं वापरायचं वजन ६.१ किलोन्यूटनच्या आसपास येतं. आणि हे हिशोबातून आलेलं नाही, कपलर नळीवर आवळून ढकलून मोजलेलं आहे. त्या कपलरचं अंग किती दणकट असतं बघा, आणि त्यालाही सहाच किलोन्यूटन देतात. वळवलेल्या पट्टीला आपण साडेपाच टन द्यायला निघालो होतो.

अनुस्वार

कॅटलॉगमधल्या आकड्यांबद्दल एक महत्त्वाचं. पाईप क्लॅम्पच्या कॅटलॉगमध्ये जे लोड दिलेलं असतं ते बहुतेक वेळा आडव्या पाईपला टांगण्यासाठीचं असतं, म्हणजे पाईपच्या लंब दिशेने. तिथे घर्षणाचा प्रश्नच नाही, पाईप सरळ पट्टीत बसलेला असतो. तोच आकडा उभ्या पाईपवर, लांबीच्या दिशेने वापरला की घोळ. हॅंगर-सपोर्टचं एमएसएस एसपी-५८ हे मानक बघा, उभ्या पाईपसाठी रायझर क्लॅम्प हा वेगळा प्रकारच दिलाय, टाइप ८. आणि जड वजनाला तिथेही नुसत्या पकडीवर विसंबत नाहीत, पाईपला लग (टेक्याचे तुकडे) वेल्ड करून ते क्लॅम्पवर टेकवतात.

हायड्रॉलिक लाईनचे डीआयएन ३०१५ चे प्लॅस्टिक ब्लॉकवाले क्लॅम्प असतात, त्यांचे चांगले उत्पादक पाईपच्या दिशेने किती जोर सहन होईल ते वेगळं छापतात आणि सोबत टॉर्कही देतात. असा आकडा असेल तरच वापरावा. दिशा आणि टॉर्क दिला नसेल तर तो आकडा आपल्या कामाचा नाही.

धुरकट

यू-बोल्ट लावले तर? स्वस्त, सोपे.

वेल्डरकाका

यू-बोल्ट पाईपला जागेवर ठेवतो, धरत नाही. गोल सळी पाईपवर रेषेसारखी टेकते, जास्त आवळला की पातळ पाईपला खड्डा पडतो. पाईप इकडेतिकडे जाऊ नये एवढ्यासाठी ठीक. उभ्या पाईपवर वजन टांगायला नको.

निळाई

आमच्याकडे क्लॅम्पच्या आत रबर लावतात, त्याने पकड वाढते ना? रबराचं घर्षण तर लोखंडापेक्षा जास्त असतं.

त्रिज्या

पहिल्या दिवशी वाढते. पण रबर सततच्या दाबाखाली हळूहळू बसतं, बोल्टची ओढ उतरते, ऊन लागलं की आणखी. रबर कंपन आणि आवाज कमी करायला चांगलं, गॅल्व्हनिक गंज टाळायलाही चांगलं. वजन धरायच्या हिशोबात मात्र मी रबराचा वाढीव म्यू कधीच घेत नाही आणि पुन्हा आवळायची तारीख लिहून ठेवल्याशिवाय रबरवाला क्लॅम्प मान्य करत नाही.

ठोकताळा

स्प्रिंग वॉशर टाका म्हणजे सैल होणार नाही.

गणिती

इथे मी असहमत. आडव्या दिशेच्या कंपनाने बोल्ट कसा आपोआप सुटतो हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं, त्यांच्या नावाची चाचणी आजही करतात. त्या चाचणीत साधा स्प्रिंग वॉशर फारसा उपयोगी पडत नाही, पूर्ण आवळला की तो सपाट होऊन साध्या वॉशरसारखाच राहतो. मूळ उपाय म्हणजे पुरेशी ओढ, म्हणजे जोड सरकतच नाही. त्यावर नायलॉन इन्सर्टवाला नट किंवा वेजवाले वॉशर.

ठोकताळा

चेकनट?

वेल्डरकाका

चेकनट चालतो पण नीट लावला तर. पातळ नट आत, जाड नट बाहेर. बहुतेक ठिकाणी उलटं लावलेलं दिसतं. आतला पातळ नट आधी थोडा आवळायचा, मग तो पान्याने धरून ठेवून बाहेरचा जाड नट पूर्ण आवळायचा.

लोखंडी

हे मात्र मलाही पटलं, उलटेच लावतात सगळे.

वाऱ्यावर

मंडळी सगळे वजनाबद्दल बोलताय पण उघड्यावरचं पॅनेल आहे, वाऱ्याचं काय? पॅनेल पाईपपासून ३०० मिमी पुढे आहे म्हणजे बाजूने वारा आला की ते पाईपभोवती फिरायला बघणार. दारासारखं. क्लॅम्प खाली घसरायच्या आधी गोल फिरेल असं मला वाटतं. उभापाईप, बाजूचं क्षेत्रफळ किती?

उभापाईप

बाजू साधारण पाव चौरस मीटर. वाऱ्याचा वेग कुठला धरायचा?

वाऱ्यावर

तो तुमच्या जागेच्या वाऱ्याच्या नियमांतून घ्या. उदाहरणाला ४० मीटर प्रति सेकंद धरतो, म्हणजे ताशी १४४ किमी. हवेचा दाब अर्धा गुणिले १.२२५ गुणिले १६००, ९८० न्यूटन प्रति चौरस मीटर. आकाराचा गुणांक १.२ धरला आणि क्षेत्रफळ ०.२५, तर जोर २९४ न्यूटन. तो ३०० मिमीवर म्हणजे पीळ ८८ न्यूटन मीटर.

हा पीळ पाईपच्या पृष्ठभागावरच्या घर्षणाने अडवायचा, त्रिज्या ५७ मिमी, म्हणजे परिघावर १५४० न्यूटन लागतात. वजन फक्त ५९० न्यूटन. बघा कोण मोठं आहे ते. घर्षण दोन्हीला वेगवेगळं मिळत नाही, एकच पकड दोन दिशांना वापरायची म्हणून दोन्हींचा वर्गमूळवाला हिशोब करायचा, १६५० न्यूटन. दोन क्लॅम्पची पकड ४५०० धरली तर फॅक्टर २.७. रंगावर म्यू ०.१ धरला तर पकड ३००० होते आणि फॅक्टर १.८. आणि हे तेव्हा, जेव्हा दोन्ही क्लॅम्प सारखंच वजन घेतात. प्रत्यक्षात एक आधी ओढ घेतो.

त्रिज्या

वाऱ्यावर, फार महत्त्वाची गोष्ट काढलीत. लोखंडींच्या उडीच्या चाचणीतही हेच सुटतं, माणूस वर उभा राहतो तेव्हा खाली जोर लागतो, पीळ लागत नाही. एका कोपऱ्याला धरून आडवं ओढलं तर ती खरी परीक्षा.

बाकी पुढे झुकण्याचा मोमेंट फार नाहीये. ५९० गुणिले ०.३ भागिले ०.५, म्हणजे वरच्या क्लॅम्पला ३५४ न्यूटनने बाहेर ओढ आणि खालच्याला तेवढाच दाब. दोन बोल्टमध्ये वाटला की बोल्टमागे १७७, ओढीपुढे काहीच नाही. क्लॅम्पच्या एका अर्धुकावरचा दाब थोडा कमी होतो, दुसऱ्यावर वाढतो, बेरीज तशीच राहते. म्हणजे दोन क्लॅम्पमधलं ५०० मिमीचं अंतर चांगलं ठेवलंय, ते कमी करू नका.

लोखंडी

ठीक आहे, पीळ मान्य. पण मग एवढं सगळं करण्यापेक्षा खालच्या क्लॅम्पखाली पाईपला एक तुकडा वेल्ड करा ना. वजन त्या तुकड्यावर, क्लॅम्पला फक्त फिरू द्यायचं नाही. आणि तुकडा क्लॅम्पच्या दोन कानांच्या फटीत येईल असा केला तर फिरणंही बंद.

ठोकताळा

हे सगळ्यात चांगलं सुचवलंत.

अनुस्वार

चांगलं आहे, फक्त हा खांब आहे म्हणून. आत दाबाने काही वाहत असेल तर त्या पाईपला कोणीही असंच काही वेल्ड करायचं नाही, त्याची मान्य वेल्डिंग पद्धत लागते, पाईप ज्यांचा आहे त्यांची परवानगी लागते आणि नंतर तपासणी. तिथे वेल्ड न करता खाली अजून एक क्लॅम्प टेका म्हणून लावतात. पण तो टेकासुद्धा घर्षणावरच आहे हे विसरू नका, त्याने पकड वाढते, पक्कं अडत नाही.

निळाई

गॅल्व्हनाइज्ड पाईप असेल तर वेल्डिंगचा धूर वाईट, आधी झिंक घासून काढा, हवा खेळती ठेवा.

धुरकट

ॲल्युमिनियमचे क्लॅम्प मिळतात, हलके, गंजत नाहीत. ते का नको?

त्रिज्या

लोखंडी पाईपवर ॲल्युमिनियम तापलं की पाईपपेक्षा जास्त फुगतं. दर अंशाला ॲल्युमिनियम साधारण २३, लोखंड १२ दशलक्षांश. ११४ मिमी व्यासावर ६० अंशांच्या फरकात साधारण ०.०७५ मिमी सैल. ऐकायला कमी वाटतं, पण दणकट क्लॅम्पमध्ये बोल्टची सगळी ओढ त्याच्या ताणातूनच येते आणि तो ताणही मिलिमीटरच्या दहाव्या भागातच मोजायचा असतो. उन्हातल्या खांबावर लोखंडाला लोखंडच बरं. स्टेनलेसचा बोल्ट वापरायचा असेल तर आट्यांना अँटी-सीझ लावा, नाहीतर नट मधेच अडकतो, आणि मग के बदलतो म्हणून टॉर्क कमी घ्या. ए२-७० चा प्रूफ ताणही ४५० आहे, ८.८ च्या ५८० पेक्षा कमी.

उभापाईप

मंडळी, सगळं वाचतोय, वही भरली. आता ठरवतोय असं. पट्टी १० मिमीची घ्यायची. त्रिज्याताई, तुमच्याच पद्धतीने केलं, ५० गुणिले १०० भागिले ६, ८३३. गुणिले २५०, भागिले २०, १०.४ किलोन्यूटन ओढ. टॉर्क २१ न्यूटन मीटर. एका क्लॅम्पची पकड ६.२, दोघांची साडेबारा किलोन्यूटन. १६५० ला भागिलं तर साडेसात, आणि म्यू ०.१ धरला तरी ५. बरोबर का?

त्रिज्या

बरोबर. पण टॉर्क २१ लिहिलात की आवळणारा २१ च्या पुढे जाऊ नये. १८ द्या, म्यू ०.१ धरूनही फॅक्टर ४.४ च्या जवळ येतो, कान यील्डपासून लांब राहतो. जाडी वाढवली की फायदा जाडीच्या वर्गाने मिळतो, ६ वरून १० म्हणजे पावणेतीनपट.

वेल्डरकाका

आणि कानाला गसेट द्या, एक छोटा त्रिकोणी तुकडा कानाच्या मागे दोन्ही कडांना. मग कान वाकतच नाही. बोल्टचा पाना बसायला जागा ठेवा, नाहीतर लावताना कळतं की सॉकेट आत जात नाहीये. १० मिमीची पट्टी थंड वाकवताना आतली त्रिज्या बारीक ठेवू नका, बाहेरच्या बाजूला चीर दिसली तर तो तुकडा बाजूला टाका.

गणिती

१० मिमीची जाड पट्टी पाईपच्या गोलाईला नीट जुळणार नाही हे लक्षात घ्या. पातळ पट्टी आवळताना पाईपचा आकार घेते, जाड घेत नाही. म्हणजे ६.२८ विसरा, ४ च खरं. व्यास बरोबर वळवलेला नसेल तर दोनच जागी टेकेल आणि पाईप तिथे दबेल. तुमच्या पाईपची भिंत किती?

उभापाईप

६ मिमी.

गणिती

मग पाईपची काळजी नाही. दीड-दोन मिमीची नळी असती तर तिच्या लंबवर्तुळ होण्याचाही हिशोब करावा लागला असता.

निवांत

हिशोब झाला पण चाचणी करा असं माझं म्हणणं. त्याच पाईपचा एक तुकडा, तोच क्लॅम्प, तोच टॉर्क. पाईप उभा धरून क्लॅम्पच्या खालच्या कडेला पाईपवर बारीक मार्करने रेघ मारा, वरून हायड्रॉलिक जॅक आणि लोडसेलने हळूहळू जोर वाढवा. पहिली हालचाल डायल गेजवर दिसते, तो तुमचा घसरण्याचा आकडा. कमीत कमी तीन वेगळे क्लॅम्प घ्या, एकच परत परत घसरवला तर पृष्ठभाग घासून म्यू बदलतो. सगळ्यात कमी आलेला आकडा धरा.

लोखंडी

जॅक नसेल तर चेन ब्लॉक आणि वजनकाटा. हे मी करून बघणार, खरंच.

वाऱ्यावर

पिळाची चाचणी पण करा, ब्रॅकेटला एक मीटरचा दांडा बांधून टोकाला काटा लावून ओढा. ८८ न्यूटन मीटर म्हणजे एक मीटरवर फक्त ९ किलो. फॅक्टर ३ ने २७ किलो. एवढं ओढून रेघ सरकली नाही तर निश्चिंत.

उभापाईप

हे जमेल, चेन ब्लॉकही लागणार नाही. आणि लोखंडींचा टेक्याचा तुकडा करतोच, खांबच आहे. अजून एक, परत आवळायचं कधी?

वेल्डरकाका

लावल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा, रंग आणि पृष्ठभाग बसतो तेवढ्यात. मग पहिला जोराचा वारा येऊन गेल्यावर. नटापासून कानापर्यंत एक रंगाची रेघ ओढून ठेवा, खालूनच दिसतं फिरला की नाही ते. आणि पॅनेलपासून खांबाला वरच्या बाजूला एक स्टीलची वायर बांधा, शॅकलने, थोडी सैल. क्लॅम्पचं काहीही झालं तरी पॅनेल खाली येणार नाही.

निळाई

वायर वरच्या क्लॅम्पला बांधू नका हं, त्यालाच घेऊन खाली येईल. खांबाला स्वतंत्र डोळा पाहिजे, वायर अडकवायची कडी.

वेल्डरकाका

हो, ते बरं सांगितलंत. त्यासाठीही एक तुकडा वेल्ड करा, टेका करतोच आहात तेव्हाच.